छत्रीच्या काड्यांची शिंगं

"दिपालीताई, ह्या बैलांच्या शिंगांत काय भरलंय गं?"

प्रश्न एवढासाच होता. पण राजनंदिनीनं तो भर लग्नमांडवात, रुखवताच्या टेबलापुढं उभं राहून विचारला होता, आणि नवरीच्या अगदी शेजारी तिची नवी सासू उभी होती. मागं मांडवाच्या खांबाआड तिच्या वर्गातल्या मंजुषा आणि सत्वशीला एकमेकींचे दंड गच्च धरून हसू दाबत होत्या. पैज त्यांचीच होती. "लय ऐट करायलीस ना आजकाल," मंजुषा म्हणाली होती, "मग जा, नवरीला इचारून दाखव. न्हाई इचारलंस तर वरीसभर आमची दप्तरं तू उचलायची." हल्ली राजनंदिनीला कुणी 'दाखव' म्हटलं की तिचे पाय जागेवर राहतच नसत. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही खाली मान घालून बसणारी हीच का ती पोरगी, असं तिच्या बाईंनाही वाटायचं. तिनं ओढणी सावरली आणि सरळ टेबलापाशी गेली.

टेबलावर मधोमध लोकरीची बैलगाडी होती. काळ्याभोर लोकरीचे दोन बैल, पाठीवर वशिंडं, गळ्यात लाल गोंडे, गाडीला विणलेली चाकं. भोवती तोरण, रुमाल, तांब्यावरची जाळी. आणि पुढं जाड कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: 'नवरी मुलगी दिपाली हिची हस्तकला'.

रुखवत म्हणजे नवरीच्या हातची कला. निदान म्हणायचं तसं. आता पोरी परभणीला, नांदेडला शिकायला असतात, त्यांना विणायला वेळ कुठला? मग आया गुपचूप कुणाकडून तरी करून घेतात, नवरीच्या नावाचा कागद लावतात आणि मांडवात सगळ्या बाया 'काय हात हाय पोरीचा' म्हणून पुढच्या पंगतीला जातात. कुणी काही विचारत नाही. न विचारणं हीच त्यातली रीत.

दिपाली ही शेजारच्या चंद्रभानकाकांची थोरली. नर्सिंग शिकलेली. कुणाच्याही दंडात बिनधास्त सुई टोचणारी. मांडवात विंचू निघाल्यासारखं तिनं राजनंदिनीकडं पाहिलं.

"कापूस," ती म्हणाली.

तिची सासू सुमनबाई पुढं झाली. बोरी गावच्या आपल्या घरी जन्मभर बैलांना चारापाणी केलेली बाई. तिनं एका बैलाचं शिंग चिमटीत धरून दाबलं. शिंग दबलं नाही. वाकवून पाहिलं. वाकलंही नाही.

"कापूस असा कडक ऱ्हातो व्हय, सुनबाई?"

बायका हसल्या. दिपालीही हसली, आणि शालूच्या पदराआडून तिनं राजनंदिनीला असा चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लाजायली बगा," सुमनबाईनंच सावरून घेतलं. "असू दे, असू दे. पण एक सांगते. आमच्या लेकीचं ह्या उन्हाळ्यात करायचंय. तिच्या रुखवताचा जिम्मा आता वहिनीवर. अशीच गाडी, असेच बैल, असंच तोरण. मी तर सगळ्या बोरीला सांगणार हाय."

दिपालीचा चेहरा हळदीपेक्षा पिवळा पडला.

"जिंकलीस की," मंजुषा नंतर म्हणाली. सत्वशीलानं तिच्यासाठी पंगतीतून गुपचूप जादा जिलबी आणली. राजनंदिनीला ती गोड लागेना. प्रश्न विचारताना तिला वाटलं होतं, ताई हसून म्हणेल, 'हिलाच इचारा की, हिनंच केलंय.' एवढंच हवं होतं तिला. चार बायांसमोर एकदा तिचं नाव. आणि झालं भलतंच. तिच्या बैलांना नाव दुसरीचं लागलं ते लागलंच, वर ती दुसरीही अडकली.

*

त्या दिवसापासून राजनंदिनीच्या जिवाला थारा नव्हता. शाळेसाठी ताडकळसला जाणाऱ्या बसमध्ये तिला खिडकीशी जागा मिळाली तरी ती उठून उभी राही. वर्गात बाकाखाली तिचा पाय हलत राही, आणि सत्वशीला म्हणे, "बस की गं, मला भूकंप आल्यावानी व्हायलंय." घरी सुई हातात घेतली की दोन ओळी विणायची आणि ओढून उसवायची.

घर तिचं मेंढरांचं. वडील लिंबाजी थोडी शेती करत, पण जीव सगळा मेंढरांत. दिवाळी झाली की ते कातर घेऊन वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, बसत आणि मेंढरं भादरत. लोकर पोत्यांत कोंबून व्यापाऱ्याला जाई. व्यापारी पोत्यात हातसुद्धा घालून बघत नसे. पण कोकरांची पहिली कातरण, तिला जावळ म्हणतात, ती मऊसूत असते. ती राजनंदिनी बाजूला काढी. रिठ्याच्या पाण्यात धुवायची, उन्हात वाळवायची, बोटांनी पिंजायची, मग आजीच्या टकळीवर सूत काढायचं. आणि फोनवर बघून शिकलेली क्रोशाची सुई. साखळीचा टाका, खांबाचा टाका, पुन्हा साखळी. दुकानातल्या रंगीत लोकरीचे बैल पाहुण्यांनी हाताळले की दोन दिवसांत लोळागोळा व्हायचे. हिचे बैल उभेच्या उभे राहायचे, कारण त्यांच्या आत कणा होता.

तो कणा म्हणजे लिंबाजीची छत्री. म्हातारी झालेली, एका बाजूनं मोडलेली, पण ऊन असो की भुरभुर, रानात त्यांना तीच लागायची. एका दुपारी शिंगं काही केल्या उभी राहिनात, तेव्हा राजनंदिनीनं तिच्या मोडक्या बाजूच्या काड्या पकडीनं काढल्या, दगडावर ठोकून वाकवल्या आणि वरून विणून टाकल्या.

"कापड हाय, दांडा हाय, निम्म्या काड्याच गायब," लिंबाजी अजून म्हणत. "त्या तांबड्या बोकडाचंच काम हाय हे. त्येच्या पोटात काय बी पचतंय." आणि बोकडाला शिवी हासडून ते रानात जात.

राजनंदिनी मान खाली घालून टकळी फिरवी.

ज्या-ज्या मांडवांत तिची कामं गेली, तिथून तिच्या आईला, भिवराबाईला, कधी साडी, कधी थोडे पैसे आले होते. त्या घरांची एकच अट होती आणि भिवराबाईंनी ती मानली होती: कुठं बोलायचं नाही. "लेकीबाळीच्या इज्जतीचा सवाल असतो," त्या म्हणत. आणि आणखी एक त्या करत. राजनंदिनीचं जे काम सगळ्यांत चांगलं उतरे, ते त्या हळूच उचलून पत्र्याच्या पेटीत घालत आणि वर डांबरगोळ्या टाकत.

"ते कामून ठिवायलीस?" राजनंदिनीनं एकदा विचारलं होतं.

"तुझ्या रुखवताला."

"माय, मी धावीत हाय."

"लगीन आत्ता थोडंच करायलो? पण पेटी आत्तापास्नंच भरावी लागती."

म्हणजे असं. जे विकलं जाईल ते दुसरीच्या नावाचं, आणि जे तिच्या नावाचं असेल ते तिच्या लग्नापर्यंत डांबरगोळ्यांच्या वासात. रात्री अंथरुणावर कूस बदलताना तिला त्या पेटीचं कुलूप डोळ्यांसमोर दिसे.

*

मांडवपरतणीला दिपाली माहेरी आली आणि चहासुद्धा न घेता वाडग्याकडं आली. राजनंदिनी कोकरांना पाला टाकत होती.

"तुला काय मी मारलं होतं का गं?" दिपालीनं सरळ सुरुवात केली. "लहानपणी तुझी वेणी घातली मी. आन् तू भर मांडवात माझी पंचाईत केलीस."

"ताई, पोरींनी पैज लावली हुती."

"पोरींनी हिरीत उडी मार म्हणलं असतं तर?"

"पवायला येतंय मला."

दिपालीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. ती दगडावर बसली. नव्या बांगड्या कोपरापर्यंत. "सासूबाई रोज कुणाला तरी घेऊन येतात आन् म्हणतात, सुनबाईनं केलंय. शेजारची एक तर लोकर घेऊनच आली, बसा म्हणली, मला दाखवा. मी म्हणलं, डोकं दुखायलंय. किती दिवस दुखवू डोकं? आता नणंदेचं सगळं रुखवत. आईनं तुझ्या आईला सांगितलंय. तू कर, मी इथनं गुपचूप घेऊन जाते."

"मायनं काय म्हणलं?"

"हो म्हणली."

राजनंदिनीच्या हातातला पाला खाली पडला. कोकरं त्याच्यावर तुटून पडली. तिला न विचारता 'हो' झालं होतं. पुन्हा तेच बैल, पुन्हा तोच कागद, आणि ह्या खेपेला तर नावही वहिनीचं आणि मान नणंदेचा. आणि मग सासूबाई आणखी कुणाला तरी कबूल करणार, आणि दिपाली दर खेपेला चोरासारखी इथं येणार. हे कुठं जाऊन थांबणार?

तिनं संध्याकाळी खरंच सुरुवात केली. एक पाय विणला. उसवला. पुन्हा विणला, पुन्हा उसवला. सूत तुटायला लागलं. भिवराबाई म्हणाल्या, "हाताला काय झालंय तुझ्या?"

"हात नगं म्हणायलेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती चंद्रभानकाकांच्या अंगणात गेली आणि दिपालीपुढं लोकरीचा गुंडा आणि सुई ठेवली.

"मी करून देत न्हाई, ताई. शिकवते."

"मला? अगं मला रुमालाला टीप घालता येत न्हाई."

"तू माणसं शिवतीस ना? दवाखान्यात? मग बैल कामून येत न्हाई?"

"माणूस हलत असला तरी त्याला कातडं असतं," दिपाली म्हणाली. "ह्याला तर नुसती भोकं हायेत."

तरी ती बसली. माहेरपणाचे ते दिवस दोघी वाडग्याच्या सावलीत बसून राहिल्या. दिपालीचे टाके आधी इतके घट्ट पडत की सुई आत जाईना. मग इतके सैल, की बैलाच्या पोटातून तिचं बोट बाहेर येई. राजनंदिनीला शिकवताना दम धरवत नव्हता. तिचे हात सारखे पुढं जात, आणि दिपाली तिच्या हातावर चापट मारी. "शिकवतीस का करतीस? ठरव एकदा." मग राजनंदिनी आपले हात मांडीखाली दाबून बसे. तोंडानं नुसतं सांगायचं, हे विणण्याहून लय अवघड होतं. पण सांगता सांगता तिला आपलंच काम नव्यानं दिसायला लागलं. गोंडा आधी बांधायचा की आधी कापायचा, हे तिनं कधी शब्दांत आणलंच नव्हतं.

शिंगांची वेळ आली तेव्हा राजनंदिनीनं काडी तिच्या हातात ठेवली. दिपालीनं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"ही छत्रीची काडी हाय."

"हो."

"लिंबाजीकाकांच्या छत्रीची?"

"हळू बोल."

दिपाली तोंडाला पदर लावून इतकी हसली की कोकरं दचकून उठली.

तिचा बैल झाला एकदाचा. एक डोळा कपाळावर, एक गालावर. पाठ मध्येच खोल. जवळून जाणाऱ्या मंजुषानं थांबून पाहिलं आणि म्हणाली, "मेंढरू छान झालंय." दिपालीनं तो बैल कुणाला हात लावू दिला नाही. बोरीला जाताना तिनं तो बॅगेत न ठेवता मांडीवर घेतला.

*

पुढचे दिवस राजनंदिनी फोनकडं बघत राहिली. आणि एका दुपारी ती शाळेतून आली तर ओसरीत मोठं खोकं. दिपालीच्या धाकट्या दिराच्या हातून बोरीहून आलेलं. आत बैलगाडी होती, तिचीच, कागदासकट. सोबत तोंडी निरोप: ही गाडी आमच्या सुनेनं केलेली नाही, तवा आमच्याकडं नको.

भिवराबाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. "सांगून टाकलं तिनं. समदं सांगून टाकलं सासूला. आन् आता बस बोंबलत. सकाळपास्नं दोघीजणी येऊन गेल्या. त्यांच्या पोरींचं आपल्याकडं सांगितलं हुतं ना, ते नगं म्हणल्या. म्हणल्या, तुमची पोरगी मांडवात इचारती, कसा भरवसा धरायचा?"

राजनंदिनी खोक्यापाशी मटकन बसली. म्हणजे संपलं. ज्या कामाची ती ऐट करत होती, ते एका प्रश्नानं आणि एका बैलानं संपलं. तिनं दिपालीला फोन लावला.

"ताई, सासूबाई तुला लय बोलल्या का?"

"दिवसभर बोलल्याच न्हाईत," दिपाली म्हणाली. "भाकरी पण मुक्यानंच वाढली. म्हणल्या तर एवढंच, की माझ्याच तोंडानं मी गावभर खोटं सांगितलं, ते आता मलाच गिळावं लागंल. राग गेलेला न्हाई अजून."

"मग?"

"मग काय. गाडी परत केली. माझं मेंढरू मात्र टीव्हीवर ठिवलंय. कुणी आलं की म्हणतात, हे हिनंच केलंय, बगा, दिसतच हाय." ती जरा थांबली. "आन् नणंदबाई इचारायलीय, सुटीच्या दिवशी आली तर तू शिकवशील का. तिच्या दोन मैत्रिणी पण. फुकट नको म्हणती."

राजनंदिनी फोन ठेवून तशीच उभी राहिली. मग ओसरीतून अंगणात, अंगणातून वाडग्यापर्यंत, तिथून परत. भिवराबाई म्हणाल्या, "एका जागी बस, मला गरगरायलंय." तिला बसवेना. गेलेल्या दोघींची कामं मोठी होती. येणाऱ्या तिघी अजून यायच्या होत्या. आल्याच नाहीत तर? तिला शिकवता तरी येतं का, एका दिपालीवरून काय कळणार? पण मांडीखाली हात दाबून ठेवलेल्या त्या दुपारी तिला आठवल्या. भीती होतीच, पण पळून जावंसं वाटणारी नव्हती.

संध्याकाळी लिंबाजी मेंढरं घेऊन आले. हातपाय धुऊन ओसरीत टेकले. त्यांनी गाडी पुढं ओढली. लेकीचं काम त्यांनी असं जवळून कधी पाहिलंच नव्हतं. ते व्हायचं तेव्हा ते रानात, आणि झालं की थेट खोक्यात. त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, जसा खऱ्याच्या फिरवतात तसा. "आपल्याच जावळाचं," ते म्हणाले. मग त्यांची बोटं शिंगावर आली. थांबली. त्यांनी शिंग दाबलं, कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली.

त्यांनी कोपऱ्यातल्या मोडक्या छत्रीकडं पाहिलं.

"आन् मी त्या बोकडाला उगं शिव्या घातल्या," लिंबाजी म्हणाले.

भिवराबाईंना आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा हसावं की रागवावं असं त्यांना झालं. शेवटी त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. "जाऊ द्या. झालं ते बरंच झालं. एवढी देखणी गाडी, तुझ्याच रुखवताला झाली. आण इकडं."

राजनंदिनीनं गाडी उचलली. पण पेटीकडं गेली नाही. तिनं आधी पुढचा कागद काढला, नीट घडी घालून बाजूला ठेवला. गाडी पुन्हा वडिलांपुढं ठेवली. मग पेटीतला वरचा रुमाल काढला, तोरण काढलं, जाळी काढली, एकेक करून सगळं ओसरीत मांडलं. डांबरगोळ्या घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेल्या.

"अगं काय करायलीस?"

"माय, तू बस. बाबा, तुमी पण ऐका." तिचे पाय पहिल्यांदाच जागेवर होते. "ह्यातलं काहीच माझ्या रुखवतात जाणार न्हाई. येत्या बाजारादिवशी मी हे ताडकळसला नेऊन मांडणार हाय, माझ्या नावाचा कागद लावून. विकलं तर विकलं, न्हाई विकलं तर पुढच्या बाजाराला परत नेणार. गुपचूप कुणाच्या नावानं आता करून देणार न्हाई. ज्या नवरीला आपल्या नावाचं पायजे, तिनं सुटीच्या दिवशी वाडग्यात येऊन बसायचं आन् स्वतः शिकायचं. बोरीच्या तिघींना मी हो म्हणायलेय. शाळा सोडणार न्हाई, तेवढं इचारू नका. माझ्या लग्नात काय मांडायचं ते माझ्या लग्नात बगू." तिनं दम घेतला. "आन् बाबा, त्या छत्रीच्या उरलेल्या काड्या फेकू नका. मला लागणार हायेत."